डाव्या सीटवरचे ड्रायव्हर

आमच्या कॉलनीत एक गाडी होती, ती दोघं मिळून चालवत. एक दिवस हा आणि एक दिवस ती, असं नव्हे. एकाच वेळी दोघं. स्टिअरिंग, ब्रेक आणि एक्सलेटर कुसुमकाकूंकडे, गिअर वामनरावांकडे. काकू उजव्या सीटवर, वामनराव डाव्या. आणि गंमत अशी की गाडी ऑटोमॅटिक होती. गिअर टाकायला तिला खरं म्हणजे कुणाचीच गरज नव्हती.

वामनराव गावंडे माझे शेजारी, कुसुमकाकू त्यांची बायको. अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या घरातली भांडणं मला मराठी बातम्यांपेक्षा आधी कळत. आता ते नाहीत. पण रस्त्यात कुणी चुकीच्या गिअरमध्ये गाडी रेटताना दिसला की माझ्या कानात अजून त्यांचा आवाज येतो, "अबे उचल ना पाय! तिचा जीव घेतं काय?"

कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. शेतकऱ्याच्या बैलगाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, त्यातला बोंडभर पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगायची. वरची प्रत 'सुपर', खालची 'फेअर'. तेवढ्या एका शब्दावर शेतकऱ्याचा भाव ठरे. नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. समोर आलेली कुठलीही वस्तू ते उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चोळून बघत. लग्नाची पत्रिका, नवीन पडद्याचं कापड, पुरणाची पोळी, एकदा तर माझ्या नव्या स्वेटरची बाही. चोळून झालं की क्षणभर आभाळाकडे बघत आणि निकाल देत, "फेअर." सुपर हा शब्द त्यांनी जणू सरकारजमा केला होता. माझी बायको दर दिवाळीला त्यांच्याकडे चिवडा घेऊन जायची आणि दर दिवाळीला फेअर होऊन परत यायची.

मी एकदा म्हटलं, "काकाजी, खोटं का होईना, एकदा सुपर म्हणा ना. तिला बरं वाटेल."

"बरं वाटाले मी म्हनत नसतो," ते म्हणाले. "तसं म्हनलं असतं तं सारा जिल्हाच सुपर झाला असता."

त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं वाईट होती. भाव पडले, पाऊस अवेळी आला, केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागून राही. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. संध्याकाळी घरी आले की ओसरीवर बसून ते रिकामी बोटं चोळत राहत. काकू चहा ठेवून निघून जात. मग एकेक केंद्र बंद पडलं, वामनरावांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्यांच्या हाताला काम उरलं नाही. त्यानंतर वर्षभरातच त्यांना झटका आला. डावा हात आणि डावा पाय कमजोर झाले. जीभ मात्र पूर्ण शाबूत राहिली. ही बातमी काकू ज्या सुरात सांगत, तो आनंदाचाच होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, प्रशांतने, ती पांढरी छोटी गाडी घेऊन दिली. आई शिकेल, बाबांना दवाखान्यात नेईल, हा त्याचा साधा हिशेब. गाडी दारात उभी करून तो समजावू लागला, "बाबा, हिला क्लचच नाही. दांडी इथं ठेवली की गिअर आपोआप पडतात."

"आपोआप म्हंजे? कोन टाकते?"

"गाडीतला कंप्युटर टाकतो."

"त्याले समोरचं दिसते काय? चढ हाय का उतार, बैलगाडी आडवी हाय का म्हैस?"

"दिसत नाही, पण त्याला वेगावरून कळतं."

"न पाह्यता कळते?" वामनरावांनी दांडीची मूठ अंगठ्याने चोळून पाहिली. "आपोआप पडनारा गिअर अन् आपोआप पडनारा भाव, दोनीवर माया भरोसा नाही."

इथं प्रशांतकडून एक चूक झाली. वडिलांची समजूत काढावी म्हणून तो म्हणाला, "हाताने टाकायचे असले तर तीही सोय आहे. दांडी बाजूला ढकला. इकडे अधिक, तिकडे उणे. एकदा ढकललं की एक गिअर." बस्स. त्या घटकेपासून ती दांडी वामनरावांची झाली. डावा हात निकामी असल्यामुळे ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यांना ती हलवता आली नसती. पण डाव्या सीटवर बसलं की दांडी बरोबर उजव्या हाताशी येत होती. जन्मभर कापूस ओढलेल्या हाताशी. हा योगायोग त्यांना ईश्वरी वाटला, काकूंना मात्र तसा वाटला नाही.

काकूंना शिकवायला युसूफभाई आले. अकोटरोडला त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि वामनरावांशी जुना दोस्ताना. पहिल्या दिवशी युसूफभाई डाव्या सीटवर आणि वामनराव मागे. मागून सूचना. दुसऱ्या दिवशी मागून पुढे आलेला हात. आठवडाभरात युसूफभाईंनी चावी परत केली.

"भाभी एकदम बढिया चलाते," ते मला फाटकाशी म्हणाले. "पन शिकवनारा एका गाडीत एकच पायजे. अन् इथं तं सीट बी त्यायनंच घेतली. मी काय टपावर बसू?"

त्यानंतर वामनरावांनीच काकूंना तयार केलं. त्यांची पद्धत अशी. गाडीने जोर धरला की ते म्हणत, "उचल." काकू एक्सलेटरवरचा पाय उचलत. ते गिअर टाकत आणि म्हणत, "दाब." काकू पाय दाबत. उचल, दाब. उचल, दाब. सकाळी आमच्या गल्लीतून हे शब्द जात असले की नवख्या माणसाला वाटे, कुणी जड कपाटं हलवतंय. पण मला कबूल केलं पाहिजे, गाडी अगदी मऊ चाले. ती स्वतःच्या मनाने गिअर बदलायची तेव्हा मध्येच किंचित अडखळायची. या दोघांच्या हातापायांत असताना पोटातलं पाणी हलायचं नाही.

लायसनच्या परीक्षेच्या दिवशी मी सोबत होतो. आरटीओचे साहेब डाव्या सीटवर बसणार म्हटल्यावर वामनरावांना खाली उतरावं लागलं. निंबाच्या झाडाखाली काठी टेकून ते उभे राहिले, चेहरा मुलगी सासरी निघाल्यासारखा. गाडी निघाली. पहिल्या गिअरमध्ये मैदानाच्या मध्यावर गेली आणि किंचाळू लागली.

पुढचं काकूंनी नंतर सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, दुसरा टाका."

काकूंनी पाय उचलला आणि वाट पाहिली. काही होईना. मग त्या अदबीने म्हणाल्या, "टाका ना साहेब. ते तुमच्याच बाजूनं असते."

साहेबांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा निंबाखालच्या वामनरावांकडे पाहिलं, आणि हसू दाबत दांडी ऑटोमॅटिकवर सरकवली. "आता फक्त चालवा," म्हणाले. काकूंनी चालवली. दुसरा पडला, तिसरा पडला, वळणावर परत दुसरा पडला. काकू पास झाल्या.

निंबाखालून कान देऊन ऐकणाऱ्या वामनरावांनी पहिला प्रश्न हाच केला, "दुसरा कोनं टाकला?"

"साहेबानं टाकला," काकू म्हणाल्या.

"उशीर केला त्यानं," वामनराव म्हणाले आणि समाधानाने आपल्या जागेवर बसले.

म्हणजे गाडी सगळं आपलं आपण करते, हे काकूंना त्या दिवशीच कळलं होतं. तरी पुढे कित्येक वर्षं त्यांनी दांडीला हात लावला नाही. मी एकदा विचारलंच तेव्हा म्हणाल्या, "त्यायच्या हातचं एक काम अगोदरच गेलं. हे बी घेऊ काय?" मला त्या बाईंबद्दल त्या दिवशी जो आदर वाटला, तो आजवर कमी झालेला नाही.

गाडीला स्वतःची मतं आहेत, हे मात्र वामनरावांना लवकरच कळलं. अमरावतीला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मी मागच्या सीटवर आहेराचं पातेलं मांडीवर घेऊन बसलेलो. बोरगाव मंजूच्या अलीकडे समोर बकऱ्या आल्या, आणि वामनरावांनी घाईत दांडी उण्याकडे दोनदा हाणली. वेग बराच होता. गाडीने टूँ टूँ केलं आणि एकदम खालचा गिअर घ्यायला साफ नकार दिला. काकूंनी ब्रेक मारला, बकऱ्या वाचल्या.

"नाही म्हनते मले," वामनराव स्टिअरिंगमागच्या पडद्यावरच्या गिअरच्या आकड्याकडे बघत म्हणाले. "घरची गाडी अन् नाही म्हनते!"

"तिचं इंजिन फुटलं असतं जी," काकू म्हणाल्या.

"मंग तसं सांगावं. शिट्टी काहून वाजवते?"

मूर्तिजापूर येईस्तोवर ते खिडकीबाहेर बघत रुसून बसले. रेल्वेफाटकाशी गाडी थांबली. थांबली की ती आपणहून पहिल्यावर येते. वामनरावांनी पडद्यावर एकचा आकडा पाहिला, पटकन मुठीवर हात ठेवला आणि मागे वळून मला म्हणाले, "पाह्य, टाकला की नाही?" मी हो म्हटलं. लग्नाला जाताना माणसानं कुणाचं मन मोडू नये.

एकदाच त्यांची बाजू खरी ठरली. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना त्यांनी गाडी दुसऱ्यातच दाबून धरली, आणि ब्रेकला फारसा पाय न लावता आम्ही खाली आलो. वाटेत एक भारी गाडी चाकांतून धूर काढत उभी होती. ती दिसल्यावर वामनरावांनी काच खाली केली, तिच्या मालकाकडे करुणेने पाहिलं आणि काच वर केली. हा घाट आम्ही पुढे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा उतरलो की तिथली झाडंसुद्धा मला पाठ झाली.

पण त्यांचा हात थांबलेला मी एकदा पाहिला, तो अकोटला. काकूंची धाकटी बहीण शोभा तिथे राहायची. तिच्याकडे गेलो होतो. परतताना कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोरच्या टपरीवर चहाला थांबलो. बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने वामनरावांना ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, ग्लास धरण्याच्या चिमटीवरून.

"गावंडे साहेब ना जी? मायी गाडी तुमी फेअरमंदी टाकली होती. पोरीच्या लग्नाच्या साली."

वामनराव म्हणाले, "भिजेल होता कापूस."

"भिजेल होता," म्हातारा म्हणाला. ग्लास रिकामा करून परत म्हणाला, "भिजेलच होता. तुमचा हात खोटा नव्हता." आणि आमच्या चहाचे पैसे त्यानेच दिले.

गाडी निघाली. पहिल्यावरून दुसरा पडला आणि मग गाडी तिथेच राहिली. इंजिन घोंगावू लागलं. काकूंनी दोनदा पाय उचलून पाहिला. दांडीवरचा हात हलेना. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तिसरा." वामनराव दचकले, तिसरा टाकला आणि बऱ्याच वेळाने, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, म्हणाले, "सुपर म्हनलो असतो तं काय गेलं असतं मायं?" मला ते तेव्हा फार जवळचे वाटले.

पुढे त्या शोभाच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. सकाळी ती एसटीने यायची, पण परत जाताना तिच्या अंगात त्राण नसे. काकू तिला गाडीने अकोटला सोडून येऊ लागल्या. अर्थात दोघं. वामनराव पुढे, शोभा मागच्या सीटवर पाय मुडपून आडवी. अकोटचा रस्ता त्या काळी असा होता की धडधाकट माणूसही उतरल्यावर स्वतःला चाचपून पाही. वामनरावांना मध्येच चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी त्यांना हे हेलकावे बंद करायला सांगितलं.

"मी नाही गेलो तं गिअर कोन टाकीन?" त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टरांकडे स्कूटर होती, ते औषधाची चिठ्ठी लिहू लागले.

काकू कात्रीत सापडल्या. शोभाला सोडणं तर चुकवता येत नव्हतं, आणि वामनरावांना उतरवणं त्यांना जमत नव्हतं. मला म्हणाल्या, "तुमी सांगून पाहा ना." मी गेलो, आडवळणाने विषय काढला. वामनरावांनी माझ्या सदऱ्याची कॉलर चोळली, फेअर म्हणाले आणि विषय संपवला.

असंच एकदा शोभाला सोडून आम्ही परत येत होतो. मी मास्तर, शाळेच्या कामाला अकोटला गेलो होतो, म्हणून परतताना मागच्या सीटवर होतो. चोहोट्टा गावाच्या पुढे उतरत्या उन्हात काकूंनी पाय उचलला. वामनरावांनी दांडी ढकलली, पण त्यांना चक्कर येत होती. दांडी भलतीकडेच गेली आणि गाडी न्यूट्रलवर आली. काकूंनी पाय दाबला. इंजिन नुसतंच ओरडलं, गाडीला ओढ नव्हती. मागून सरकी भरलेला ट्रक हॉर्नवर हात ठेवून अंगावर येत होता. वामनराव दांडीशी झटत राहिले.

काकूंनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. डावा हात खाली नेला, वामनरावांचा हात अलगद बाजूला केला आणि दांडी एका हालचालीत ऑटोमॅटिकवर नेली. गाडीने ओढ घेतली. ट्रक शिव्या देत बाजूने निघून गेला.

वामनरावांनी आपला हात मांडीवर ठेवला. गाडी आपली आपण दुसरा, तिसरा, चौथा टाकत निघाली. ते पडद्यावरचे आकडे बघत होते. मग त्यांनी काकूंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात चाचपडला नव्हता. कुठे जायचं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. अकोला येईपर्यंत गाडीत उचल नव्हतं की दाब नव्हतं.

पुढच्या खेपेला दुपारी मी फाटकात उभा होतो. शोभा दवाखान्यातून आली होती, पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. काकू गाडी सुरू करून बसल्या. वामनराव नेहमीसारखे इस्त्रीचा सदरा, टोपी घालून बाहेर आले. डावं दार उघडलं. पण बसले नाहीत. वाकून आत हात घातला, दांडी ऑटोमॅटिकवर सरकवली आणि मूठ एकदा चोळली.

"शोभे, तू बस समोर," ते म्हणाले. "सीट मांगं कर अन् पाय लांब कर."

काकू म्हणाल्या, "अन् तुमी?"

"मी कायले? टाकते ना ते."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"त्या दिवशी आरटीओत गिअर पडत होते तवा साहेबाचे दोनी हात खिडकीबाहेर दिसत होते मले," वामनराव म्हणाले. "जाय आता. अंधाराच्या आत ये."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मीही. एवढी वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून ही दोन माणसं रोज गल्लीतून उचल-दाब करत गेली होती.

गाडी निघाली. वामनराव फाटकाचा गज डाव्या कोपरात अडकवून उभे होते. उजवा हात मोकळा होता. गाडी कोपऱ्याशी पोचत आली तसा तो हात कमरेजवळ, हवेतच, हलकेच सरकला. आणि नेमका त्याच वेळी लांबून गाडीचा आवाज क्षणभर खाली बसला. तिकडे काकूंनी पाय उचलला होता. उचलायची काही गरज नव्हती. मग आवाज पुन्हा भरला, गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

"कशी गेली?" मी विचारलं.

वामनरावांनी अंगठा तर्जनीवर घासला. आभाळाकडे पाहिलं.

"सुपर," म्हणाले, आणि आवाज ऐकू येईना तोवर तिथेच उभे राहिले.